फळ्यावरचं चौथं नाव

फोन मेव्हण्याचा होता. मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो, तोंडाला साबण होता, तरी उचलला. तो माणूस कामाशिवाय फोन करत नाही.

"दाजी, त्या दारूच्या दुकानात फळा हाय का?"

"कुठल्या दुकानात?"

"भाची कामाला हाय तिथं."

माझी मुलगी मुंढव्याला एका ठिकाणी बिअर बनवते. नुसती विकत नाही. तीच शिजवते, तीच आंबवते. मागं मोठ्या टाक्या आहेत, पुढं नळ आहेत आणि नळासमोर बाकडी टाकून लोक बसतात. त्याला टॅपरूम म्हणतात. फळा आहे, म्हणालो. शाळेत असतो तसा काळा. आज कुठली कुठली बिअर आहे ते त्यावर खडूनं लिहितात, खाली खाली, एकाखाली एक.

"चौथं नाव काय हाय?"

ते सांगायला मला तिथं जायची गरज नव्हती. दर रविवारी त्या फळ्यासमोरच बसत होतो. मी नाव सांगितलं. वर म्हणालो, "ती आंबट आहे बघ. चांगली असते. मी तीच पितो."

मला वाटलं फोन बंद पडला. गालावरचा साबण वाळायला लागला होता.

"दाजी," तो म्हणाला, "ते आमच्या आक्काचं नाव हाय."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. एका फुलाचं आहे, एवढं पुरे. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या बायकोसाठी नाव माझ्या आईनं निवडलं होतं. मी चौथी शिकलेला. त्या नावात एक जोडाक्षर होतं, ते माझ्याच्यानं काही वळेना. शेवटी मामीनं माझा हात धरून गिरवून घेतलं, बायका हसल्या आणि नवरीनं मान खाली घातली. पुढं रेशनकार्डावर तेच नाव, मतदानाला तेच, दवाखान्यात तेच. माहेरी ती सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्यांची आक्का. फळ्यावरचं ते लग्नाआधीचं जुनं नाव कोणाच्या तोंडीच राहिलं नाही. माझ्या तर कानावरसुद्धा लग्नानंतर कधी पडलं असेल असं वाटत नाही.

तसं मी तिला दोन्हीतल्या कुठल्याच नावानं हाक मारली नाही. बायकोचं नाव घेत नाहीत. अगं म्हणायचं. ऐकलं का म्हणायचं. राग असला तर तेही नाही, नुसतं खाकरायचं. ती मला अहो म्हणायची. त्यावर आमचा सगळा जन्म निघाला.

आणि तोच मी गेले कित्येक रविवार भरल्या दुकानात हात वर करून तिचं नाव घेत होतो. एक आण. आणखी एक आण. ही गार नाही, बदलून आण.

मेव्हण्याचा मुलगा हापिसातल्या मित्रांबरोबर तिथं गेला होता. त्यानं फळ्याचा फोटो काढला आणि घरी दाखवला. नाव म्हातारीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठेवलेलं होतं आणि मेव्हण्याला ते पक्कं ठाऊक होतं.

"शनवारी येतो," तो म्हणाला. "तुमी चला संगं. माझ्यासमोर पुसायचं. न्हाई पुसलं तर फळा फोडीन. आनि वर्षश्राद्धाला माझं पाऊल तुमच्या दारात पडनार न्हाई, सांगून ठेवतो."

बायकोच्या वर्षश्राद्धाला तिचा सख्खा भाऊ आला नाही, तर ते काय श्राद्ध? मी बरं म्हणालो आणि उरलेली दाढी तशीच कोरडी केली. दोन जागी कापलं.

मी या बिअरच्या नादाला कसा लागलो, ते सांगायला पाहिजे.

दारू मला नवी नव्हती. आमच्या मांजरी गावात ऊस होता तेव्हा नदीकडच्या अंगाला भट्ट्या असायच्या, तिथली प्यायलोय. पुढं बाटलीतली बिअर आली, तीही प्यायलोय. लग्नाच्या वरातीत देतात ती, कोमट. बायकोला वास चालत नव्हता. मी पीत होतो, ती बोलत होती, दोघं आपापलं काम करत होतो. साठी ओलांडल्यावर मी आपणहून सोडली. तिनं त्याचं कौतुक केलं नाही. म्हणाली, पोट बिघडलं असेल.

मुलगी शिकली. बारीक किड्यांचं शास्त्र असतं म्हणे, ते. त्या किड्यांनीच दही लागतं, त्यांनीच इडली फुगते आणि त्यांनीच बिअर होते, असं ती सांगायची. तिनं लग्न केलं नाही, तो विषय इथं नको. बिअरच्या कारखान्यात लागली तेव्हा गावात बोलणारे बोलले. ऊस गेला, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पण बोलणारे होते तिथंच आहेत. बायको त्यांना म्हणायची, "तुमच्या घरात पितात, माझी बनवते. कोण शहाणं?" पण घरात मात्र मुलीला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही.

बायको गेली आणि मी बसलो. जेवायला बसायचो तसाच बसून राहायचो. टीव्ही चालू असायचा, काय चाललंय कळायचं नाही. एका रविवारी मुलगी म्हणाली, "आबा, कपडे बदला. मला दुसऱ्या लोकांची बिअर चाखून बघायचीय, एकटीला कंटाळा येतो."

तशी आमची फिरती सुरू झाली. पुण्यात अशी इतकी ठिकाणं निघाली असतील याची मला कल्पना नव्हती. एक बाणेरला गच्चीवर होतं, लिफ्टनं वर जायचं आणि वरून डोंगर बघत प्यायचं. एक जुन्या गोडाउनात होतं, पत्रा तसाच ठेवलेला, मुद्दाम. एका ठिकाणी खुर्च्या इतक्या उंच की माझे पाय लोंबायला लागले. मुलगी सगळीकडे लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास मागवायची, प्रत्येकात वेगळी. औषधाचे डोस मांडल्यासारखे. ती आधी उजेडात धरून बघायची, मग वास घ्यायची, मग घोटभर तोंडात फिरवायची. मग मला विचारायची, "आबा, कशी?"

मी खरं सांगायचो. गव्हाची होती तिला पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. मी म्हणालो, केळं कुजलंय. मुलगी हसली, म्हणाली तो वास आणायला लोक जीव काढतात. एक कडू होती, काडेचिराइतासारखी. ती हॉप्स नावाच्या फुलांनी कडू करतात. एक काळी कुळकुळीत, तिला तव्यावर भाकरी विसरल्याचा वास. ती मला आवडली. गोडाउनवाला मालक स्वतः टेबलाशी आला, दाढीवाला, एवढ्याशा वयात पोट सुटलेला. म्हणाला, "काका, आमची कैरीवाली कशी वाटली?"

"पाणी आण," म्हणालो.

"काका?"

"चूळ भरायला."

मुलगी टेबलाखाली तोंड लपवून हसत होती. बायको गेल्यापासून तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. घरी येताना मला भूक लागली. पुढच्या रविवारी मी आधीच कपडे बदलून बसलो.

मग एकदा ती मला स्वतःच्या ठिकाणी घेऊन गेली, मुंढव्याला. ग्लास समोर ठेवला. रंग गढूळ, पांढुरका. पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

ती आंबील होती. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली, मीठ घातलेली. उन्हाळ्यात उसाला कालव्याचं पाणी सुटायचं, बारं, म्हणजे सरीसरीनं पाणी, देताना मला हलता यायचं नाही, तेव्हा बायको बांधावर आणायची. आता तिला फेस होता आणि नाकात झिणझिण्या येत होत्या, पण होती तीच. आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

तिनं फळ्याकडे बोट केलं. मी वाचलं. फुलाचं नाव. छान आहे, म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, तिला चवीबद्दल ऐकायचं असेल, म्हणून म्हणालो, "मीठ थोडं जास्त झालंय."

ती उठून टाक्यांकडे गेली. पुढं दर रविवारी मी तिथंच बसायला लागलो.

हे सगळं मला फोन ठेवल्यावर आठवलं. ती कशाची वाट बघत होती, ते.

शनिवार यायला चार-पाच दिवस होते. मुलीला नुसतं सांगितलं असतं की बाई, मामा चिडलाय, ते नाव गुपचूप काढून टाक, तर तिनं ऐकलं असतं किंवा भांडली असती, काहीतरी एक झालं असतं. पण तसं सांगायचं तर मला ते नाव आत्ता कळलं, हेही सांगावं लागलं असतं. ती सकाळी डबा भरायची, मी मागं उभा राहायचो. तोंड उघडायचो आणि विचारायचो, "आज भाजी काय?" ती म्हणायची, "आबा, समोर आहे ना." रात्री ती माझ्या गोळ्या काढून ठेवायची तेव्हाही तेच. शुक्रवारी तिनं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हणालो, तुझा मामा येणार आहे उद्या. ती खूश झाली. म्हणाली, "मग संध्याकाळी लवकर येते, मटण करू."

मी बरं म्हणालो.

मेव्हणा दुपारी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी. उंबऱ्याच्या आत आला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. सोयऱ्याच्या दारात येऊन पाणी न पिणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. मी चपला घातल्या. रिक्षात तो एका कडेला, मी एका कडेला, मध्ये जागा. मुंढव्यापर्यंत तो एवढंच बोलला, "तुमी बोलायचं. नवरा तुमी हाय."

दुकानात दुपारी गर्दी कमी असते. चार-पाच टेबलं भरलेली, सगळी कॉम्प्युटरवाली पोरंपोरी. नळावर जो माणूस असतो तो लातूरकडचा, पस्तिशीचा, मोठा गमत्या. माझ्याशी त्याचं जमतं. आम्ही दारातून आत येतोय तोच तो ओरडला, "या आजोबा! आज शनिवारीच?" आणि मी काही म्हणायच्या आत मागं वळून त्यानं हाक दिली, आजोबांना एक अमुक. अमुक म्हणजे तेच. तिचं नाव. खणखणीत.

मेव्हण्याच्या मानेची शीर टरारली. मी त्याचं मनगट धरलं. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, पण मीही ऊस तोडलेला माणूस आहे. सोडलं नाही. तसाच त्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेऊन बसवला. तो फळ्याकडे बघत होता. चौथी ओळ. नावासमोर भाव लिहिलेला.

मुलगी मागून आली. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर ओला एप्रन. "मामा! तुम्ही इथं? अहो, मी घरी येणार होते की."

ती वाकली. मामानं पाय मागं घेतले.

ती वाकलेली तशीच थांबली थोडा वेळ. मग सरळ झाली, माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत होतो. एवढ्यात लातूरवाल्यानं माझा ग्लास आणून ठेवला आणि हवा बघून लगेच निघून गेला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"त्या फळ्यावर काय लिवलंयस?"

तिच्या लक्षात आलं. ती खुर्ची ओढून बसली. घाबरली नाही, हे मला दिसलं. "आईचं नाव," ती म्हणाली.

"आं?"

त्याला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं थोडं. तिला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि तो तर मोठ्यानंच बोलतो. पुढचं सगळं बोलणं दुकानभर ऐकू जात होतं.

"आईचं नाव, मामा. आंबील तिची आहे, म्हणून नाव तिचं."

"दारूवर?"

"बिअर आहे ती."

"मला शिकवू नकोस. चढती का न्हाई? मंग दारू. आयुष्यात जिनं थेंब शिवला न्हाई, तिचं नाव घेऊन ही कार्टी दारू मागत्यात. आनि तुझा बाप बी. मला फोनवर म्हनतो, चांगली असती, मी तीच पितो."

मुलगी माझ्याकडे वळली. "आबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. नाही अशी.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही इतक्या जोरात मागवायचात. मला वाटलं, घरी घेता येत नाही म्हणून इथं घेताय."

ग्लासाच्या बाहेरून पाणी ओघळत होतं, ते मी बोटानं पुसत बसलो.

"तुम्हा दोघांना एक सांगते," ती म्हणाली. आवाज चढवूनच. "शेवटच्या आठवड्यात आई हाकेला ओ देत नव्हती. नर्स नाव घ्यायची, ती बघायची नाही. आबा अगं म्हणायचे, बघायची नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू जात नसेल. एकदा मी एकटी होते, नर्स कागदावरचं नाव घेऊन हाका मारत होती, तर आई मला म्हणाली, 'ती बाई कोणाला बोलावतीय?' मी म्हटलं, तुला. ती म्हणाली, 'ते माझं नाव नव्हं.' आणि मग तिनं मला तिचं नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, शाळेत सांगतात तसं. मी त्या नावानं हाक मारली, मामा. तिनं मान वळवली. पाणी मागितलं. त्यानंतर जेवढे दिवस होती तेवढे दिवस मी त्याच नावानं हाक मारत होते. आबा बाहेर गेले की."

"बाहेर गेल्यावर का?" मी विचारलं. एवढ्या वेळात मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मेव्हण्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. सगळं ऐकलं होतं त्यानं, कान पुढं करून. मला वाटलं, निवळला. पण तो बोलायला लागला तेव्हा आवाज आधीपेक्षा कडक होता.

"आता माझं ऐक. आमच्या बापाला दारूनं खाल्लं, ते तुला ठावं हाय. बाजारादिवशी तो भट्टीवर जाऊन बसायचा. पैसं संपायच्या आत त्याला घरी आनायचं काम आक्काचं. परकरातली पोर. मी तिचं बोट धरून संगं. आत जायची सोय न्हाई, म्हनून ती भाईर उभी ऱ्हाऊन हाका मारायची. आनि आतली मानसं तिचंच नाव घेऊन हसायची. नाव घ्यायची, आनि म्हनायची, ये की आत, घोटभर घेऊन जा. सगळी एका सुरात. बाप बी त्यांच्यात हसायचा." तो थांबला. "ते नाव मी दारूच्या गुत्त्यात ऐकलंय. मला वाटलं, आता परत ऐकायला लागनार न्हाई."

मुलीचा चेहरा उतरला. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बायको बापाबद्दल एवढंच सांगायची की लवकर गेला.

लातूरवाला नळ पुसत होता, पुसून झालेलाच परत.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "बोला तुमी. ठेवायचं का पुसायचं?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मुलीचं चुकलं नव्हतं. तिनं आईला आईच्या नावानं हाक मारली होती, तशी दुसरं कोणीच मारत नव्हतं. मेव्हण्याचंही चुकलं नव्हतं. तो त्या भट्टीच्या दारात उभा होता, आम्ही नव्हतो. आणि मी कोण? मी दिलेलं नाव फळ्यावर असतं तर ते काढ किंवा ठेव म्हणायला मला तोंड होतं. ते नाव माझं नव्हतंच. तांदळावर दुसरं लिहून मी त्याच्यावरून हात फिरवला होता आणि नंतर जेवायला बसलो होतो.

"पूस," मी मुलीला म्हणालो.

"आबा..."

"त्यानं तिथं उभं राहून ऐकलंय. तू नाही, मी नाही. पूस."

ती उठली. रबरी बुटांचा फरशीवर आवाज होत होता. लातूरवाल्याच्या हातातलं फडकं तिनं घेतलं आणि चौथी ओळ पुसली. ओलं फडकं होतं. नाव गेलं पण तिथं काळा ओला पट्टा राहिला, बाकीच्या फळ्यापेक्षा जास्त काळा. ती आमच्याकडे न बघता मागं टाक्यांकडे निघून गेली.

मेव्हण्याला हवं होतं ते झालं होतं. तो उठेल असं मला वाटलं. तो उठला नाही. त्या पट्ट्याकडे बघत बसला. पट्टा कडेनं वाळत चालला होता.

लातूरवाला आमच्या टेबलाशी आला. त्याला यातलं अर्धंच कळलं असावं. म्हणाला, "आजोबा, पुसलं कशाला ताईंनी? ती तर अजून संपली नाही. काय प्रॉब्लेम आहे का? मालकांनी विचारलं तर काय सांगू?"

त्याला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "ते बिअरचं नाव नव्हतं. माझ्या बायकोचं होतं." आणि मग मी तिचं नाव घेतलं. अमुक, म्हणालो, माझी बायको. गेली ती.

ओरडून मागवताना जे नाव सहज येत होतं, ते त्या वेळी अक्षर अक्षर जुळवत घ्यावं लागलं. मधल्या अक्षराशी अडखळलो.

त्या माणसानं दोन्ही हात एप्रनला पुसले. काय करावं ते त्याला सुचेना. "सॉरी, आजोबा. मी तर रोज..."

"मीसुद्धा," म्हणालो.

"काय म्हनलात?" मेव्हणा विचारत होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं. "दाजी, काय म्हनलात त्याला?"

"काही नाही."

"न्हाई, नाव घेतलंत तुमी. ओठ बघितलं मी. मोठ्यानं बोला."

"लोक बसलेत."

"बसू द्या."

मी घेतलं. परत. त्याच्या बऱ्या कानाशी वाकून, तरी बऱ्यापैकी मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरच्या एका पोरीनं मान वळवली आणि लगेच फिरवली. कोणी हसलं नाही. मेव्हणा तेच बघत होता, मला वाटतं. दुकानभर नजर फिरवून तो एकेका टेबलाकडे बघत होता, कोणी हसतंय का ते.

मग त्यानं टोपी घातली. "सोमवारी येतो," म्हणाला. श्राद्ध सोमवारी होतं. "सकाळच्याला येतो. पोरीला सांगा, मी चिडलो हाय, पन येतो."

तो एकटाच रिक्षा करून गेला. मुलीला भेटला नाही. मटण झालं नाही.

सोमवारी तो आला, पाणी प्यायला, पंगतीला बसला. भाचीनं वाढलं, त्यानं खाल्लं. फळ्याचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. माझ्याशीही तिनं त्यावर अजून बोलणं केलेलं नाही. मी पूस म्हणालो ते तिला बरोबर वाटलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

रविवारचं आमचं चालू आहे. मध्ये कोथरूडला एक नवं निघालंय, तिथं जाऊन आलो. आल्याची बिअर होती, ठसका लागला. मुंढव्याला आंबील ती अजून करते. नवं नाव तिनं ठेवलेलं नाही. फळ्यावर आकडे आहेत, चारच्या पुढं कोरं. लोक तिला चार नंबर म्हणतात. दोन चार नंबर द्या. मला ते आवडत नाही. दवाखान्यात असंच असायचं, कॉटच्या नंबरानं पुकारायचे, अमक्या नंबरचे नातेवाईक कोण म्हणून, आणि मी उठून उभा राहायचो.

मी चार नंबर म्हणत नाही. नावही घेत नाही. हात वर करतो, लातूरवाला आणून ठेवतो.